शाळेच्या वेळेत बसणारे अर्धवेळ काम : पुण्यात नेमके कुठे आणि कसे शोधावे?

वडगावची_वैजयंती (१८ जून, सकाळी १०.४५)

नमस्कार. शाळा सुरू झाल्या, डब्यांची घाई पुन्हा मागे लागली, आणि गेली दोन वर्षे मनात घोळत असलेला प्रश्न आज येथे मांडते आहे. माझी मुलगी दुसरीत आहे. तिची व्हॅन सकाळी सव्वाआठला येते आणि दुपारी पावणेतीनला तिला फाटकाशी सोडते. यजमान हिंजवडीला नोकरी करतात, म्हणजे सिंहगड रस्त्यावरून सकाळी आठला निघालेला माणूस रात्री आठलाच दिसतो. सासूबाई साताऱ्याला असतात आणि त्यांना सतत येथे बोलावणे मला योग्य वाटत नाही.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेतले असून एका वितरक कंपनीत नऊ वर्षे हिशेबाचे काम केले आहे. टॅली, जीएसटीची विवरणपत्रे, पगारपत्रके हे सर्व मी सांभाळत होते. पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडली. गेल्या महिन्यात तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी जाहिरातीत ‘लवचिक वेळ’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ असा निघाला की कितीही वाजता या, पण नऊ तास भरा. दुसऱ्या ठिकाणी अर्धवेळ म्हणजे अकरा ते पाच. तिसऱ्या ठिकाणी मला थेट विचारले, “मुलगी आजारी पडली तर काय कराल?” मी प्रामाणिकपणे उत्तर दिले आणि नंतर त्यांचा दूरध्वनी आला नाही.

नऊ ते दोन या वेळेत बसेल असे सन्मानाचे काम पुण्यात कोणी करत आहे का? करत असल्यास ते कसे मिळाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

पेठेतला_प्रवासी (१८ जून, सकाळी ११.०२)

एक ते चारचा विनोद दुसऱ्या कोणी करण्याआधी मीच करून टाकतो: दुपारची विश्रांती सोडून उरलेल्या वेळेत काम करण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे, तुम्हाला फक्त नेमके उलटे हवे आहे. आता सर्वांनी मुद्द्यावर लिहावे.

रोजकीर्द (१८ जून, दुपारी १२.२०)

वैजयंतीताई, तुमच्याकडे जे कौशल्य आहे त्याला या शहरात गिऱ्हाईक भरपूर आहे. तुम्ही फक्त चुकीच्या दारावर उभ्या आहात, असे मला वाटते. कंपनीच्या लेखा विभागाला माणूस दिवसभर समोर बसलेला हवा असतो. सनदी लेखापालांच्या छोट्या कार्यालयांचे तसे नसते. त्यांचे काम तारखांवर चालते. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत, कराचा भरणा आणि ३बी हे जीएसटीचे गोषवारा विवरणपत्र २० तारखेपर्यंत, टीडीएस म्हणजे रक्कम देतानाच कापलेला कर ७ तारखेपर्यंत, भविष्य निर्वाह निधी १५ तारखेपर्यंत. या तारखा पाळल्या गेल्या की तुम्ही सकाळी नऊला काम केले की रात्री नऊला, याची कोणाला फारशी पर्वा नसते. मी स्वतः सात व्यापाऱ्यांची पुस्तके लिहिते, त्यांपैकी चार लक्ष्मी रस्त्याच्या परिसरातले आहेत. आठवड्यातून एक दिवस जाऊन बिलांची पिशवी घेऊन येते आणि उरलेले काम घरी करते.

दुसरे दार म्हणजे गृहनिर्माण संस्था. तुमच्या सिंहगड रस्त्यावर दोनशे-तीनशे सदनिकांच्या सोसायट्या रांगेने उभ्या आहेत आणि प्रत्येकीला देखभालीच्या पावत्या, थकबाकीच्या नोटिसा, बँकेचा ताळमेळ आणि लेखापरीक्षकाला हवी असणारी कागदपत्रे यांसाठी माणूस लागतो. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, त्यामुळे जुलैपासून सचिवमंडळी कासावीस असतात. सोसायटीचे कार्यालय बहुधा सकाळीच तीन-चार तास उघडे असते. जाहिरात क्वचितच निघते. सचिवांना जाऊन भेटावे लागते.

पहाटेची_पाळी (१८ जून, दुपारी २.३५)

माझा मार्ग निराळा आहे, म्हणून लिहिते. मी जपानीतून अनुवाद करते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने त्यांचे कार्यालय नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात आणि त्यांचे सहा वाजतात तेव्हा आपले अडीच. म्हणजे त्यांचा संपूर्ण दिवस माझा मुलगा शाळेतून घरी येण्याआधी आटोपतो. साडेपाच ते सात हा वेळ घर झोपलेले असताना मिळतो, मग दोन तास डबा, गणवेष आणि हरवलेला मोजा यांत जातात, आणि नऊनंतर पुन्हा काम सुरू होते. जर्मन भाषेचे काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे मात्र हाल होतात, कारण तिची मंडळी आपल्या दुपारी कामाला बसतात आणि नेमकी तेव्हाच मुले दप्तर टाकून “आई, खायला दे” म्हणत उभी असतात.

तरीही हे ऐकून कोणी लगेच जपानीच्या वर्गाला नाव घालू नये. परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन-५ ही सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत अवघड. किमान एन-२ झाल्याशिवाय अनुवादाचे पैसे मिळण्यासारखे काम मला मिळाले नाही आणि तिथपर्यंत पोहोचायला मला चार वर्षे लागली. शिवाय आता पहिला मसुदा यंत्र करते आणि आम्ही तो दुरुस्त करतो, त्यामुळे दर उतरले आहेत. पूर्वी एका पुस्तिकेत जेवढे मिळत असे तेवढ्यासाठी आता दोन पुस्तिका कराव्या लागतात.

हिशेबी_बाबा (१८ जून, रात्री ९.५०)

चर्चा चांगली चालली आहे, पण सर्वजण एकाच चुकीच्या आकड्याकडे पाहत आहेत असे मला वाटते. तुमची अडचण दिवसातले तास ही नाही, वर्षातले दिवस ही आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. भागाकार केला तर दिवसाला चार तास येतात. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास आहेत. शाळा प्रत्यक्षात यापेक्षा अधिक दिवस भरत असतील, हे मान्य. पण शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कार्यालयाचे वर्ष साधारण २६१ दिवसांचे असते. त्यातून दोघांनाही सुट्टी असते असे सणवार वजा करा. मी गेल्या वर्षी मुलाच्या शाळेचे वेळापत्रक समोर ठेवून माझ्या कार्यालयाच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिले, तेव्हा शाळा बंद आणि कार्यालय सुरू असे ४७ दिवस निघाले. दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा यांत त्यांतले बहुतेक दिवस आहेत. उरलेले अधूनमधून येतात: स्नेहसंमेलनानंतरची सुट्टी, पालकसभा, पावसामुळे आदल्या रात्री जाहीर झालेली सुट्टी. मुलाचा ताप यात धरलेलाच नाही.

आम्ही दोघे नोकरी करतो. सकाळ पत्नीकडे, दुपार माझ्याकडे, कारण माझे काम घरून चालते. हे सांगायचे कारण एवढेच की या धाग्यावर आतापर्यंत प्रश्न फक्त आयांचा आहे असे गृहीत धरले गेले आहे. वैजयंतीताईंच्या यजमानांना आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम करण्याची मुभा आहे का, हे त्यांनी लिहिलेले नाही. ती असल्यास आधी तो हिशेब मांडावा आणि मग नोकरी शोधावी.

वडगावची_वैजयंती (१८ जून, रात्री १०.१५)

मुभा आहे, बुधवारी. आजपर्यंत बुधवार हा त्यांच्या शांततेत काम करण्याचा दिवस म्हणून आम्ही मायलेकी घरात पाय न वाजवता वावरत होतो. आपला प्रतिसाद त्यांना आत्ताच वाचायला दिला आहे.

पेठेतला_प्रवासी (१८ जून, रात्री १०.१८)

हिशेबी बाबा, तुमच्यामुळे आज वडगावात एका घरी उशिरापर्यंत दिवा जळणार.

अल्पबचत_आजी (१९ जून, सकाळी ७.३०)

मी १९९१ पासून टपाल खात्याच्या आवर्ती ठेवींची एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असे तिचे भारदस्त नाव आहे आणि ही एजन्सी फक्त महिलांनाच मिळते. जिल्हा पातळीवरच्या अल्पबचत कार्यालयामार्फत नेमणूक होते. खातेदारांकडून दरमहा पैसे गोळा करायचे, यादी करायची आणि टपाल कार्यालयात भरायचे. पंधरा तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता पंधरा तारखेच्या आत आणि त्यानंतर उघडलेल्या खात्याचा महिनाअखेरीपर्यंत भरावा लागतो, त्यामुळे काम पंधरा तारखेच्या आणि महिनाअखेरीच्या आसपास साचते आणि मधले दिवस मोकळे राहतात. माझ्या दोन्ही मुलांची शाळा मी याच कामात निभावली. धाकटा तर बिबवेवाडीतल्या प्रत्येक जिन्यावर बसून पाढे पाठ करत असे.

कमिशन चार टक्के आहे. शंभर जणांनी हजार-हजार रुपये भरले तर लाखाचा भरणा होतो आणि तुम्हाला चार हजार मिळतात. तेवढी शंभर माणसे जमवायला मला सहा वर्षे लागली. आता तरुण मंडळी भ्रमणध्वनीवरूनच गुंतवणूक करतात, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलीला मी हे काम सांगेन का, याबद्दल माझ्याच मनात शंका आहे.

डबेवाली_नव्हे (१९ जून, सकाळी ११.१०)

मला प्रत्येक समारंभात “तू इतके छान करतेस, डबे का नाही सुरू करत?” असे विचारणाऱ्या सर्व मावश्या आणि आत्या यांना हा धागा दाखवण्याचा माझा विचार आहे. मी आठ महिने डबे केले. अन्न सुरक्षेची नोंदणी केली, चौदा आकडी क्रमांक डब्याच्या चिठ्ठीवर छापला, सर्व काही रीतसर केले. पण डब्याचे काम सकाळी साडेपाच ते दहा या वेळेत असते, म्हणजे माझ्या मुलाला उठवणे, आवरणे आणि व्हॅनपर्यंत पोहोचवणे याच वेळेत. दहानंतर, मूल शाळेत आणि घर शांत असताना, मी रिकामी. शाळेच्या वेळेत न बसणारे एकमेव अर्धवेळ काम मी नेमके शोधून काढले होते.

भरती_विभाग (१९ जून, दुपारी १.४०)

मी मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी सांगते. त्या कदाचित कडू वाटतील.

कायद्याचा आधार फारसा नाही. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा झाली तेव्हा रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. रजा संपल्यावर घरून काम करण्याची तरतूदही आली, मात्र ती कामाचे स्वरूप आणि दोन्ही पक्षांची संमती यांवर अवलंबून आहे. दुसरीतल्या मुलीच्या आईला कमी तास मागण्याचा हक्क यातून मिळत नाही. जे मिळते ते वाटाघाटीतून.

दुसरी गोष्ट वाटाघाटीचीच. “थोडे लवचिक असेल तर बरे” असे म्हणणारी उमेदवार समोर आली की व्यवस्थापकाच्या मनात धास्ती बसते, कारण थोडे म्हणजे किती हे त्याला कळत नाही. त्याउलट “मी सव्वानऊ ते पावणेदोन रोज उपलब्ध असेन, बुधवारी पाचपर्यंत थांबू शकेन आणि शाळेच्या सुट्टीचे वेळापत्रक जूनमध्येच देईन” असे सांगणाऱ्या बाईंना मी स्वतः दोनदा नेमले आहे. तुम्हाला लवचिक काम नको आहे, ताई. तुम्हाला ठरलेल्या वेळेचे काम हवे आहे. लवचिक हा शब्द तुम्ही वापरलात की समोरचा तो स्वतःच्या सोयीने ताणतो.

अर्धी_भाकरी (१९ जून, दुपारी ३.२५)

भरती विभागाच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत आणि आधीच्या आशावादाशी मुळीच नाही. मी बाणेरच्या एका कंपनीत रोज चार तासांचे बोलून रुजू झाले. पगार निम्मा झाला, काम मात्र पाऊणच राहिले. रात्री नऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘छोटीशी दुरुस्ती’ येत असे. वेळ सांगितलेली होती, लिहिलेली नव्हती. वार्षिक मूल्यमापनात “उपलब्धता कमी” असा शेरा मिळाला, जणू काही मी चार तासांची नोकरी आठ तासांच्या पगारावर करत होते. नेमणूकपत्रात तास, कामाचे दिवस आणि त्यानंतर आलेल्या निरोपांचे काय, हे तीनही असल्याशिवाय कोणीही सही करू नये.

भरती_विभाग (१९ जून, दुपारी ४.०५)

तुमचा राग योग्य आहे. लेखी घ्यावे, हे मी लिहायला हवे होते.

कर्वेनगर_क्रमांक_तीन (१९ जून, सायंकाळी ६.३०)

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा मुलगा पाचवीत आहे. त्यांची चार घरे याच परिसरात आहेत, सर्व चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितले की साडेनऊच्या आधी येणार नाही, एकनंतर थांबणार नाही, महिन्यातून दोन सुट्ट्या आणि दिवाळीत आठ दिवस गावी. पटत असेल तर बोला. आम्ही निमूटपणे मान्य केले. पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माझ्या बहिणीला हे एक वाक्य मुलाखतीत उच्चारता येत नाही.

अर्धी_भाकरी (१९ जून, सायंकाळी ७.१५)

उदाहरण आवडले, पण मावशींचे स्वातंत्र्य आपण जरा रंगवून सांगतो. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, तरी किती घरांतून भविष्य निर्वाह निधी दिला जातो? त्या आजारी पडल्या तर पैसे कापणारी घरेही याच कर्वेनगरात आहेत.

कर्वेनगर_क्रमांक_तीन (१९ जून, सायंकाळी ७.४०)

मान्य. आमच्याकडे कापत नाहीत, पण निधीचा विचार आम्ही कधीच केला नव्हता, हेही खरे.

सकाळचे_अधिवेशन (२० जून, सकाळी ८.५०)

माझी मूळ व्यवस्था उत्तम होती. मुलगी सात वीसच्या शाळेत, मी आठ ते बारा एका दवाखान्यात स्वागतकक्षात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला आणि सारे कोलमडले. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू चांगलाच होता, पण आमच्या व्हॅनच्या काकांना दोन शाळांच्या फेऱ्या एकाच वेळी आल्या आणि दवाखान्यातली सकाळची पाळी माझ्या हातून गेली.

पेठेतला_प्रवासी (२० जून, सकाळी ९.०५)

म्हणजे मुलांची झोप झाली आणि आईची उडाली.

प्राथमिक_बाई (२० जून, दुपारी ४.४५)

“शाळेतच नोकरी धर, सुट्ट्या आपोआप जुळतील” हा सल्ला येथे अजून कसा आला नाही, याचे आश्चर्य वाटते. तो येण्याआधीच सांगते की सुट्ट्या जुळतात, संध्याकाळ जुळत नाही. उत्तरपत्रिका घरी येतात, प्रशिक्षणे सुट्टीत लागतात आणि निवडणुकीचे काम आले की मतदार याद्या घेऊन जिने चढावे लागतात. शिवाय त्यासाठी अध्यापनाची पदविका किंवा पदवी आणि पात्रता परीक्षा हवी. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या भावजयीला वेळ मिळतो, पण मे महिन्यात तासिकाही नाहीत आणि पैसेही नाहीत.

एकदा_फसलेली (२१ जून, रात्री ११.३०)

हे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. ‘घरबसल्या, मुले शाळेत असताना दोन तास काम’ असा निरोप मला टेलिग्रामवर आला होता. चित्रफिती पाहून पसंतीची खूण करायची. पहिल्या दिवशी खरोखरच दीडशे रुपये खात्यात आले. तिसऱ्या दिवशी ‘मोठे काम’ उघडण्यासाठी अनामत भरायला सांगितले, ती दुपटीने परत आली, मग आणखी मागितली. अठरा हजार गेल्यावर मी थांबले. यजमानांना सांगायला मला चार दिवस लागले आणि तेच चार दिवस महत्त्वाचे होते, कारण १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवले असते तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता होती. काम देणारा तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, मग त्याला नोंदणी म्हणोत, अनामत म्हणोत वा प्रशिक्षण शुल्क, तर ते काम नाही.

अल्पबचत_आजी (२२ जून, सकाळी ७.१०)

बाळ, लिहिलेस ते फार चांगले केलेस. माझ्या दोन खातेदारांच्या बाबतीत हेच घडले आहे आणि दोघेही निवृत्त अधिकारी आहेत, तेव्हा स्वतःला दोष देऊ नकोस.

वडगावची_वैजयंती (९ ऑगस्ट, दुपारी १२.५५)

सात आठवड्यांनी परत येते आहे. रोजकीर्द यांनी सांगितल्याप्रमाणे मी आमच्या पट्ट्यातल्या सहा सोसायट्यांच्या कार्यालयांत स्वतः गेले. दोन ठिकाणी रखवालदारानेच परत पाठवले, एका ठिकाणी सचिवांनी “पुरुष माणूस पाहिजे, थकबाकी वसूल करायची असते” असे सांगितले. चौथ्या ठिकाणी काम मिळाले. साडेनऊ ते दीड, आठवड्यातले सहा दिवस, दरमहा चौदा हजार. जुन्या पगाराच्या मानाने ही रक्कम निम्म्याहून कमी आहे, हे लपवत नाही. सोबत रोजकीर्द यांच्याच ओळखीने दोन व्यापाऱ्यांची पुस्तके मिळाली आहेत, ती बुधवारी दुपारी करते. त्या दिवशी मुलीला फाटकाशी घ्यायला तिचे बाबा जातात. पहिल्या बुधवारी ते विसरले होते. व्हॅनच्या काकांनी तिला आमच्या वाण्याकडे बसवले आणि तिने तेथे दोन चिक्क्या खाल्ल्या.

मुलाखतीला जाताना शाळेचे वेळापत्रक छापून नेले आणि हिशेबी बाबांसारखे ताडून दाखवले. माझे ४१ दिवस निघाले. सचिव बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “मे महिन्यात कार्यालय दहा ते बारा चालेल का? तेवढा वेळ मुलीला येथेच वाचनालयात बसवा.” नेमणूकपत्रात तसे लिहून घेतले आहे. दिवाळीचे दिवस बिनपगारी धरले आहेत.

एक शंका आहे. वार्षिक सभा सप्टेंबरमधल्या एका रविवारी सायंकाळी पाच वाजता ठेवली आहे आणि मी हिशेब समजावून सांगायला तेथे यावे, अशी समितीची अपेक्षा आहे. नेमणूकपत्रात याचा उल्लेख नाही. नवीनच काम आहे, म्हणून गप्प बसून जावे का?

रोजकीर्द (९ ऑगस्ट, दुपारी २.१०)

जावे, कारण तुमचे आकडे दुसऱ्या कोणी सांगितले तर चुकीचे सांगितले जातील. मात्र त्याचे मानधन वेगळे मागावे, आणि तेही सभेच्या आधी, लेखी. मी पहिल्या वर्षी संकोचाने मागितले नाही. दुसऱ्या वर्षी मागितले तेव्हा “गेल्या वर्षी तर असेच आला होतात” असे उत्तर मिळाले.

अर्धी_भाकरी (९ ऑगस्ट, दुपारी २.३०)

आणि सभा सातला संपेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वाहनतळाचा विषय निघाला की नऊ वाजतात. मुलीच्या जेवणाचे त्या दिवशी बाबांकडे सोपवा.

वडगावची_वैजयंती (९ ऑगस्ट, दुपारी २.४०)

विषयपत्रिका आत्ताच पाहिली. वाहनतळ दुसऱ्याच क्रमांकावर आहे. मानधनाचे पत्र आज लिहिते. व्हॅन यायला अजून पाच मिनिटे आहेत.